पाणी ओळखणारा सरखेल

पाणी चढणे म्हणजे काय, हे आम्हा नाशिककरांना विचारायचे असेल तर दुतोंड्या मारुतीकडे बोट दाखवावे लागते. पावसाळ्यात गोदेला पूर आला की सारे गाव पुलावर जमते आणि मारुतीच्या कमरेला पाणी लागले, छातीला लागले, गळ्याशी आले, अशा बातम्या घरोघर पोचतात. हे पाणी केव्हा येईल आणि केव्हा ओसरेल, याचा भरवसा नाही. ते येते तेव्हा रागाने येते आणि जाताना भांडीबाजारातल्या दुकानदारांना चिखल देऊन जाते. म्हणूनच की काय, दिवसातून दोनदा वेळेवर येणारे आणि वेळेवर परत जाणारे पाणी मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला ते पाणी वाटलेच नाही. एखाद्या जुन्या, शिस्तीच्या हेडकारकुनासारखे वाटले.

नाशिकचे आणि समुद्राचे नाते तसे विचित्रच. आमच्या त्र्यंबकच्या डोंगरांत दोन नद्या उगम पावतात. गोदावरी पूर्वेची वाट धरते आणि चौदाशे किलोमीटरहून अधिक चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेला वळते आणि दीडशे-एक किलोमीटरांतच अर्नाळ्याजवळ अरबी समुद्रात जाते. आम्ही थोरलीचे कौतुक करतो, धाकटीला विसरतो. पण वैतरणेच्या मुखाशी उभे राहिले की दिसते, नदी समुद्राला मिळते हे अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा दिवस समुद्र नदीला भेटायला आत येतो. खाडी म्हणतात ती हीच जागा, आणि या जागेवर ज्यांनी राज्य केले त्या माणसाची ही हकीकत आहे.

बँकेच्या नोकरीत माझी एकदा अलिबागला बदली झाली. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. पौर्णिमेचा सोमवार होता आणि नाशिकहून आलेल्या मावसभावाला कुलाबा किल्ला दाखवायचा म्हणून पहाटेच निघालो. ओहोटी होती. घोट्याएवढ्या पाण्यातून, शेवाळलेल्या खडकांवरून घसरत, हसत आम्ही किल्ल्यात पोचलो. गणपतीचे दर्शन झाले. समुद्राच्या मध्यावर गोड्या पाण्याची विहीर कशी, यावर वाद घालून झाला. साडेआठच्या सुमारास परत निघालो तर आलो ती वाटच नव्हती. जिथून चालत आलो तिथे आता कमरेच्या वर पाणी होते आणि ते वाढत होते. आणि बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्या खिशात होती!

ओहोटीची वाट पाहायची तर संध्याकाळ झाली असती. शेवटी एका कोळ्याच्या होडीने आम्हाला किनाऱ्याला आणले, तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. शाखेत माझे जे स्वागत झाले ते सांगण्यासारखे नाही. पण त्या होडीवाल्या म्हाताऱ्याने वल्हे मारता मारता मला जे शिकवले, ते कुठल्याच प्रशिक्षण वर्गात शिकायला मिळाले नसते. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. आज पौर्णिमा, पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्यात सहा तास मागे या, म्हणजे ओहोटी. एवढा हिशेब ज्याला येत नाही त्याला बँकेत कोणी घेतले, असे त्याने विचारले नाही, हा त्याचा चांगुलपणा.

हे गणित मी नंतर बरेच दिवस घोळवीत होतो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सरासरी बारा तास पंचवीस मिनिटे. तीस तिथ्यांच्या चांद्रमासात हे सरकणे बरोबर एका अहोरात्राएवढे भरते, म्हणजे साठ घटकांचे. तिथीमागे दोन घटका झाल्या. घड्याळाच्या भाषेत अठ्ठेचाळीस मिनिटे. पाऊण तासात तीन मिनिटांची काटछाट आहे, ती कोळ्याने सोडून दिली. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी फार चढते आणि फार उतरते. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा पाणी अर्धवट चढते, अर्धवट उतरते. ती भांगाची भरती. ओहोटीला किनाऱ्यावर सुकती असाही शब्द आहे, आणि तो पाहिल्याशिवाय कळत नाही.

तर पंचांग आणि पाणी यांची ही सांगड ज्याच्या हाडात मुरली होती, तो माणूस म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

आंग्रे मूळचे संकपाळ. पुण्याकडच्या मावळातली आंगरवाडी हे त्यांचे गाव, त्यावरून आंगरे, आंग्रे. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारासचा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि सुवर्णदुर्गाशी त्यांचा संबंध आला. म्हणजे घराणे घाटावरचे, पण मुलगा वाढला हर्णैच्या किनाऱ्यावर. हर्णै ही जागा पोरवयाच्या मुलाला शिकायला फार उत्तम. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे जमिनीवर छोटे किल्ले, मध्ये अरुंद पट्टा. कोणत्या घटकेला तिथून होडी जाते आणि कोणत्या घटकेला खडक वर येतात, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असणार.

कान्होजी दहाएक वर्षांचे असताना, १६७९ मध्ये, मुंबईच्या तोंडावर असलेल्या खांदेरी बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. इंग्रज खवळले. त्यांनी मोठी जहाजे आणून बेटाला वेढा घातला. महाराजांचे आरमार समोरासमोरच्या लढाईत त्या जहाजांना भारी नव्हतेच. पण रात्र पडली की नागावच्या खाडीतून लहान लहान होड्या निघत, वल्ही मारीत उथळ पाण्यातून बेटावर दारूगोळा, दगड, धान्य पोचवीत आणि उजाडायच्या आत खाडीत परत. इंग्रजी जहाजांचा तळ खोल, त्यांना त्या पाण्यात शिरता येईना. वारा पडला की ती जागच्या जागी. अखेर इंग्रजांनी नाद सोडला. मला वाटते, पुढे पन्नास वर्षे कान्होजींनी जे केले त्याचे सारे बीज या एका प्रसंगात आहे.

हे कोकणच्या किनाऱ्याच्या घडणीशी जोडलेले आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्या कोकणातल्या खाड्या म्हणजे मुळात नद्यांची खोरीच. समुद्राची पातळी चढली आणि खोऱ्यांची तोंडे बुडाली. त्यांत दिवसातून दोनदा भरती आत शिरते, गाळ आणते, ओहोटी तो थोडा परत नेते, थोडा ठेवते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा तयार होतो. आत गाळाच्या कडांवर तिवरांची झाडे उभी राहतात, त्यांच्या मुळांत आणखी गाळ अडकतो आणि हळूहळू खाजण तयार होते. बाहेर उघड्या किनाऱ्यावर लाटा काळा कातळ कापून सपाट करतात. भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा कातळाचा हा ओटा अनेक ठिकाणी दिसतो. कुलाबा किल्ला अशाच कातळावर उभा आहे. उत्तरेकडे जावे तसे भरती-ओहोटीतले अंतर वाढत जाते. गोव्याकडे ते दोनएक मीटर, मुंबई-अलिबागला उधाणाच्या वेळी पाच मीटरच्या जवळपास आणि खंबायतच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्याही वर. मुंबईसमोर समुद्राचा तळ फार दूरवर उथळ आहे आणि पुढे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होते. पाणी कोंडते आणि वर चढते.

ज्या परक्या खलाशाला हे ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने हा किनारा म्हणजे सापळाच. सकाळी जिथे जहाज तरंगले तिथे दुपारी खडक. आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने शेकडो दारे असलेला वाडा. कोणते दार कधी उघडते, एवढेच लक्षात ठेवायचे.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. किनाऱ्यावर एकापाठोपाठ एक ठाणी डळमळू लागली. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार जंजिऱ्याच्या सिद्दीला किल्ला देण्याच्या बेतात होता आणि तरुण कान्होजींनी त्याला कैद करून किल्ला राखला, अशी हकीकत सांगितली जाते. १६९८ मध्ये आरमाराचे सरखेल सिधोजी गुजर वारले आणि आरमाराची जबाबदारी कान्होजींवर आली. ते तेव्हा तिशीच्या आतले. राजधानी नाही, खजिना नाही, वर मोगल आणि समोर चार आरमारे. मुंबईला इंग्रज, गोवा-चौल-वसईला पोर्तुगीज, जंजिऱ्याला सिद्दी, आणि दूर वेंगुर्ल्याच्या बाजूला डच.

त्यांनी आपले ठाणे म्हणून कुलाबा निवडला. शिवाजी महाराजांनी आपल्या अखेरच्या दिवसांत, मार्च १६८० मध्ये, त्याचे बांधकाम सुरू करविले आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. त्या तटाचे मोठमोठे दगड चुन्याने सांधलेले नाहीत, नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो. भिंतीने पाण्याशी भांडायचे नाही, त्याला थोडी वाट द्यायची. किल्ल्याचे रक्षणही पाण्याकडेच. भरतीला चारी बाजूंनी समुद्र, म्हणून पायदळ येऊ शकत नाही. ओहोटीला सभोवार उथळ पाणी आणि खडक, म्हणून मोठे जहाज जवळ येऊ शकत नाही. जमिनीवरून हल्ला करणाऱ्याला दोन भरत्यांच्या मधले काही तास तेवढे मिळतात आणि त्या तासांत तट चढता आला नाही तर मागे समुद्र वाढत असतो. माझ्यासारखा तिजोरीची किल्ली घेऊन अडकलेला माणूस हे अधिकारवाणीने सांगू शकतो.

आरमारातली जहाजेही या पाण्याच्या मापाची होती. गुराबा दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या, पुढचा भाग निमुळता, आणि नाळेवरच तोफा ठेवलेल्या, म्हणजे पाठलाग करतानाच मारा करता यावा. गलबते त्याहून लहान, शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की टोपीकरांचे अवजड जहाज लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून राही आणि वल्ह्यांवरची गलबते त्याच्या मागच्या बाजूने, जिथे तोफा कमी, तिथे जाऊन झोंबत. वाराही घड्याळाप्रमाणेच. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, दिवस चढल्यावर समुद्राकडून खारे वारे. पहाटेच्या मतलईला ओहोटीची जोड मिळाली तर खाडीतले आरमार फारसे वल्हे न मारता बाहेर पडते. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याला भरतीची जोड मिळाली तर तेच आरमार लुटीसकट घरी येते. मोठे जहाज मागे लागले तरी खाडीच्या दांड्यापाशी त्याला थांबावेच लागते. ही वेळ जुळवणारी माणसे कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरचे मुसलमान खलाशी होती. त्यांची नावे बखरीत क्वचित येतात. पण सरखेलांची बुद्धी आणि या माणसांचे हात वेगळे काढता येणार नाहीत.

आता मुद्द्याचा प्रश्न. कान्होजी चाचे होते काय? इंग्रजांनी तसे लिहिले आणि त्यांची पुस्तके वाचून आपल्यापैकीही काहींनी तसे म्हटले. कान्होजींचे म्हणणे सरळ होते. या किनाऱ्यावर मराठ्यांचे राज्य आहे, तेव्हा इथून जाणाऱ्या जहाजाने सरखेलांचा दस्तक घ्यावा. नाही घेतला तर जहाज जप्त. यात त्यांनी नवे काही केले नाही. पोर्तुगीज दोनशे वर्षे हाच परवाना विकत होते आणि इंग्रजही आपले परवाने देत होते. भांडण पेटले ते वेगळ्याच कारणाने. देशी व्यापारी आपला माल इंग्रजी निशाणाखाली नेऊ लागले, म्हणजे दस्तकाचे पैसे नकोत. बँकेतल्या माणसाला हा प्रकार लगेच ओळखू येतो, खाते एकाचे आणि पैसा दुसऱ्याचा! कान्होजींना तो मान्य नव्हता. १७२४ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरशी झालेल्या पत्रव्यवहारात, दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरण्यात व्यापारी मंडळीही मागे नाहीत, अशा अर्थाचे त्यांनी कळवले होते. त्यांच्याकडून जुलूम झालाच नाही असे मी म्हणणार नाही. जप्तीत निरपराध माणसे मेली, कैदेत सडली. पण त्या समुद्रावर ज्याचे हात स्वच्छ होते असा एकही झेंडा नव्हता.

१७१२ च्या नोव्हेंबरमधला प्रसंग प्रसिद्ध आहे. मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका कान्होजींच्या आरमाराने पकडली. नौकेवर कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन होता, तो लढाईत मेला. त्याची तरुण पत्नी कॅथरीन गरोदर होती. तिला कुलाब्याला नेले. तीस हजार रुपये खंडणी देऊन फेब्रुवारी १७१३ मध्ये इंग्रजांनी तिला सोडवून नेले. किल्ल्याच्या तटावर उभे राहून भरतीचे पाणी चढताना पाहणाऱ्या त्या परक्या मुलीचा विचार माझ्या मनातून जात नाही. तिच्या बाजूने पाहिले तर सरखेल कोण होते, हे सांगणे अवघड आहे.

त्याच वर्षी घाटावर मोठी उलथापालथ झाली. शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या तंट्यात कान्होजी ताराबाईंच्या बाजूला होते. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठविले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. मग बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद देऊन बोलणी करायला धाडण्यात आले. बाळाजीपंत श्रीवर्धनचे आणि तरुणपणी चिपळूणच्या मिठागरात कारकून होते, असे सांगतात. मिठागराचा कारकून म्हणजे भरतीचे पाणी वाफ्यात केव्हा घ्यायचे आणि केव्हा अडवायचे, यावर डोळा ठेवणारा. दोघे कोकणातले, एकमेकांची भाषा समजणारे. १७१४ मध्ये तह झाला. कान्होजींनी शाहूंचे छत्र मानले. त्यांना सरखेली आणि दहा जलदुर्ग, सोळा भुईकोट व डोंगरी किल्ले अशी सव्वीस ठाणी मिळाली. तलवार न उपसता झालेला हा सौदा पुढच्या मराठी राज्याच्या पायाचा एक दगड आहे. बाळाजीपंत त्या दिवशी हरले असते तर पेशवाई कुठली!

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर होऊन आला आणि आंग्र्यांना बुडवायचेच, असा त्याने चंग बांधला. मुंबईला तट घातला, नवी लढाऊ जहाजे उभी केली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला, फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर, तोही फसला. मग सूड उगवायला कोणीतरी सापडावे लागते. मुंबईतले धनाढ्य सारस्वत रामा कामाठी यांच्यावर आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवून १७२० मध्ये खटला चालला. वाळकेश्वरच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारे ते हेच. त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि ते कैदेतच वारले. त्यांच्याविरुद्धचा कागद बनावट होता, असे पुढे उघड झाले. पस्तीस वर्षे सह्या पडताळण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला हे प्रकरण इतर सगळ्या लढायांपेक्षा जास्त झोंबते.

१७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी बूनने तरंगता तोफखाना बांधून आणला होता, तोही निरुपयोगी ठरला. विजयदुर्गाचे बळ त्याच्या तिहेरी तटात आहेच, पण त्याहून अधिक ते पाठीमागच्या वाघोटण खाडीत आहे. ती खारेपाटणपर्यंत आत जाते. तळ उथळ असलेली जहाजे तिच्यात कितीही आत जाऊन लपावीत. खाडीत किल्ल्यापासून थोडे आत, गिर्ये गावाजवळ, आंग्र्यांची गोदी आहे. खडक फोडून केलेली सुमारे ११० मीटर लांब, ७० मीटर रुंद जागा. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचे, पाणी उतरले की ते आपोआप कोरडे पडते. मग त्याच्या बुडाला चिकटलेले कालव आणि शेवाळ खरवडायचे, फळ्या बदलायच्या, भेगा बुजवायच्या, आणि पुढच्या उधाणाला पुन्हा पाण्यात. उचलायला यंत्र नको, बैल नकोत. सारे काम चंद्राकडून.

सर्वांत मोठे संकट आले डिसेंबर १७२१ मध्ये. इंग्रज आणि पोर्तुगीज एक झाले. कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली इंग्लंडच्या राजाची चार युद्धनौका आल्या होत्या. गोव्याचा व्हाइसरॉय जातीने हजर होता. सुमारे सहा हजारांची फौज अलिबागला उतरली. शाहूंकडून मदतीला पिलाजी जाधव घोडदळ घेऊन आले, मागोमाग बाजीराव पेशवे. एका मराठी स्वाराच्या भाल्याने मॅथ्यूजच्या मांडीला जखम झाली, तर तो संतापून एकटाच त्याच्या मागे धावला, असे म्हणतात. इंग्रजांनी तटाला शिड्या लावल्या, पण त्यांना माघार घ्यावी लागली. मराठी घोडदळ अंगावर येताच पोर्तुगीजांची फळी फुटली. तोफा, दारूगोळा टाकून दोस्त फौज पळाली. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून बाजीरावांशी परस्पर तह केला. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर जहाजे आणली आणि हात हलवीत परत नेली.

लढायांची ही यादी वाचताना एक गोष्ट निसटते. कान्होजींचे राज्य हे किल्ल्यांचे होते तितकेच भरतीच्या रेषेवर पोट भरणाऱ्या माणसांचे होते. ओहोटी लागली की कोळणी आणि आगरणी खडकावर जाऊन कालवे फोडतात, वाळूतून तिसऱ्या उकरतात. चिखलात निवट्या उड्या मारीत असतात. खोल पाण्यात रोवलेल्या खुंटांना डोल जाळी बांधलेली असतात. ती ओढायची नसतात. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी जाळ्यात भरतो. म्हणून उधाणाला जाळी फुगतात आणि भांगाला मंदी येते. बोंबील याच वेगवान पाण्याचा मासा. आमच्या नाशिकच्या बाजारात सुका बोंबील येतो, त्यामागे अष्टमी आणि पौर्णिमेचा हा हिशेब असतो, हे खाणाऱ्याला कुठे ठाऊक! आणि पेण-अलिबागच्या खारेपाटात माणसाने मातीचे बांध घालून समुद्राकडून शेते काढून घेतली. अशा जमिनींना शिलोत्री म्हणत. बांधात उघाडी बसवायची. भरतीचे पाणी दाबले की तिचे दार मिटते, ओहोटीला आतले पाणी तेच दार ढकलून बाहेर जाते. बांध एका उधाणात फुटला की शेत काही वर्षांसाठी गेलेच. मी अलिबागला असताना अशा फुटलेल्या बांधांमागची कर्जे पाहिली आहेत. कागदावर ती थकबाकी असते. शेतावर गेले की मीठ पांढरे दिसते.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. दिवस पावसाळ्याचे होते. त्या महिन्यांत कोकणचे बंदर बंद असते, जहाजे नांगरून, शाकारून ठेवलेली असतात आणि नारळी पौर्णिमेशिवाय कोणी समुद्रात जात नाही. तीस वर्षे सरखेली करून हा माणूस समुद्राच्या सुट्टीत गेला. अलिबागेत त्यांची समाधी आहे.

पुढचे सांगताना हात जड होतो. थोरले सेखोजी चार वर्षांत वारले. संभाजी आणि मानाजी या भावांत फूट पडली. एकाकडे विजयदुर्ग-सुवर्णदुर्ग, दुसऱ्याकडे कुलाबा. पेशव्यांनी ती फूट बुजवली नाही. संभाजींच्या मागून आलेल्या तुळाजींचे आणि पेशव्यांचे तर पटलेच नाही. तुळाजी उद्दाम होते, हे खरे. पण घरातल्या उद्दाम माणसाला वठणीवर आणण्यासाठी शेजाऱ्याच्या हाती कुऱ्हाड देणे, हे मला आजवर समजलेले नाही. १७५५ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या साह्याने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना खेटून उभे होते. एक गोळा एका जहाजावर पडला, त्याने पेट घेतला, शेजारच्याने घेतला आणि रात्रीपर्यंत कान्होजींनी उभे केलेले सारे आरमार त्याच खाडीच्या तोंडाशी जळून गेले. ते खाडीत पांगलेले असते तर काय झाले असते, हा विचार कादंबरीकाराचा. इतिहासकार तो करीत नाहीत.

मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून आंग्रे हे नाव आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आमच्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेर आहे, आणि कान्होजींचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आहेत. कुलाबा मात्र नाही. कुलाब्याच्या तटावर आज ज्या दोन चाकांच्या तोफा लोक कौतुकाने पाहतात, त्या यॉर्कशायरमध्ये ओतलेल्या आहेत आणि त्यांच्यावर १८४९ साल आहे. म्हणजे आंग्र्यांचे संस्थान खालसा झाल्यानंतरच्या. त्यांच्यापाशी उभे राहून मुलांना कान्होजींची गोष्ट सांगणारे बाप मी पाहिले आहेत. मी काही बोललो नाही.

मध्यंतरी गिर्ये गावी गोदी पाहायला गेलो होतो. दशमी होती. दहा पाऊण साडेसात, असा हिशेब करून मुद्दाम सकाळी सात वाजता काठावर जाऊन बसलो. भरतीचे पाणी गोदीत शिरताना पाहायचे होते. पाहतो तर कडेच्या दगडावर ओली रेघ उमटलेली आणि पाणी तिच्याखाली वीतभर उतरलेले. भरती होऊन गेली होती. खेकडे पकडायला आलेल्या मुलाला विचारले, तेव्हा त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतले आणि मग सांगितले की इथे पाणी मुंबईच्या आधी येते. दक्षिणेकडून वर चढत जाते ते, इकडे आधी लागते आणि तिकडे तासाभराने. मग तो गुडघाभर चिखलात उतरला आणि मी तिथेच बसून पाणी उतरताना पाहत राहिलो.